त्साय चिनची मोडकी इंग्रजी

'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस' लावा आणि शीर्षकगीत सुरू व्हायच्या आतच थांबवा. हाँगकाँग, पलंग, शॉन कॉनरीचा बाँड आणि एक चिनी तरुणी. बाँड विचारतो, चिनी मुलींची चव वेगळी का लागते. ती विचारते, म्हणजे आम्ही जास्त चांगल्या का? तिच्या इंग्रजी वाक्यातून 'आर' (are) हा शब्दच गळलेला आहे. मग बाँड पेकिंग डक आणि रशियन कॅव्हियारची उपमा देतो, ती उठून एक बटण दाबते, पलंग बाँडसकट भिंतीत मिटतो आणि बंदूकधारी आत घुसून त्या भिंतीवर गोळ्या झाडतात. लिंग नावाच्या या मुलीचं काम इथेच संपतं.

1967 साली हा गळलेला 'आर' म्हणणारी बाई, त्साय चिन, लंडनच्या रॉयल ॲकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये, म्हणजे 'राडा'त शिकलेली होती. त्या संस्थेतली ती पहिली चिनी विद्यार्थिनी. त्याआधी वेस्ट एंडमध्ये, म्हणजे लंडनच्या व्यावसायिक रंगभूमीवर, तिने नायिका म्हणून नाटक गाजवलं होतं. तिला 'आर' म्हणता येत नव्हता अशातला भाग नाही, तो संवादात लिहिलेलाच नव्हता. हिंदी सिनेमात घरकाम करणाऱ्या बाईच्या तोंडी घातलेली 'मराठी' हिंदी ऐकून ज्यांचे कान किटलेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्साय चिनच्या साठ वर्षांहून लांब कारकिर्दीचा आलेख पाहायचा असेल तर भूमिकांची यादी फारशी कामाची नाही. तिच्या इंग्रजीकडे कान द्यावा. ती कुठे मोडकी आहे, कोणासाठी मोडलेली आहे आणि कुठे गायबच होते, यातच बरीचशी गोष्ट आहे.

आधी नावाचा घोळ निस्तरू. तिचं पूर्ण नाव आजच्या चिनी उच्चाराच्या जवळ जाऊन लिहिलं तर 'जोउ त्साय-छिन'. 'जोउ' हे आडनाव, जुन्या रोमन लिपीत ते 'चौ' होतं. रंगभूमीसाठी तिने आडनाव गाळलं आणि दिलेल्या नावाची दोन अक्षरं ठेवली, त्यामुळे पाश्चात्त्यांना 'त्साय' हे नाव आणि 'चिन' हे आडनाव वाटतं. ते तसं नाही. शोधताना दुसरा घोटाळा होतो तो मोठा: तैवानमध्ये याच रोमन स्पेलिंगची एक लोकप्रिय गायिका आहे. तिच्या मंद्र आवाजाच्या तबकड्या महागड्या स्पीकरची पारख करायला जगभर वाजवतात. तिचं 'त्साय' हे खरोखर आडनाव आहे आणि चिनी लिपीत दोघींची दोन्ही अक्षरं वेगळी. नुसतं रोमन नाव टाकलं की दोघींची गाणी एकाच यादीत येतात, आणि आपल्या त्साय चिननेही रेकॉर्ड काढलेल्या असल्यामुळे गोंधळ वाढतो. 1960 च्या आसपासच्या डेक्का कंपनीच्या रेकॉर्ड असतील तर त्या हिच्या. जन्मवर्षही जुन्या लेखांमध्ये 1936 किंवा 1937 सापडतं, बरोबर आहे ते 1933.

'त्साय-छिन' म्हणजे पाणथळ जागेत उगवणारी एक भाजी खुडणं. चीनच्या प्राचीन काव्यसंग्रहातल्या एका ओळीवरून हा शब्दप्रयोग आला आणि पुढे त्याला 'विद्यालयात प्रवेश मिळवणं' असा अर्थ चिकटला. घर असं नाव ठेवणाऱ्यांचं होतं.

वडील चौ शिनफांग. जन्म 1895. पेकिंग ऑपेरा, चिनी लोक ज्याला जिंगजू म्हणतात, त्यातलं शांघायचं सर्वांत मोठं नाव. सातव्या वर्षी रंगमंचावर आले म्हणून 'सात वर्षांचा पोर' अशा अर्थाचं नाव मिळालं, आणि जाहिरात लिहिणाऱ्याने ते चुकीचं ऐकून 'छिलिन-थोंग' लिहिलं, अशी आख्यायिका आहे. छिलिन हा चिनी पुराणातला शुभ प्राणी. नाव चिकटलं ते कायमचं, त्यांच्या शैलीलाही 'छि' घराणंच म्हणतात. आपल्याकडे बालगंधर्व हे नाव जसं मूळ नावाला गिळून बसलं, तसंच.

त्यांची भूमिका 'लाओशेंग', म्हणजे दाढीवाला, वयस्क, प्रतिष्ठित पुरुष. या कामाला खरं तर घुमणारा स्वच्छ गळा लागतो. चौ शिनफांग यांचा गळा वयात येताना बसला तो बसलाच. दुसऱ्या कोणी नाटक सोडलं असतं. त्यांनी त्या खरखरीत आवाजाभोवती पूर्ण अभिनयपद्धती उभी केली: गाण्यातली लांबण कमी, बोलण्याला धार, आणि बाकीचं काम पाय, बाह्या, दाढी यांच्याकडे. 'श्यू त्स तटावरून धावतो' हा त्यांचा गाजलेला प्रवेश. म्हातारा मंत्री चांगली बातमी राजाला सांगायला शहराच्या तटावरून पायी निघतो. पायांत जाड तळव्याचे बूट, अंगावर पायघोळ झगा. चाल आधी संथ, मग लगबगीची, मग धावणं, तोल जाणं, पडणं, पुन्हा उठणं, आणि या सगळ्यात पांढरी लांब दाढी आणि पाण्यासारख्या लांब बाह्या तालाबाहेर जाता कामा नयेत. प्रवेशाचा बराचसा भाग म्हणजे एका म्हाताऱ्याचं चालणंच. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आई लिलियन, अंगात थोडं स्कॉटिश रक्त, श्रीमंत घरातली. नाटकवाल्याशी लग्न करायला घर सोडून आलेली. धंद्याचं, करारांचं, पैशांचं तीच बघायची. साम्यवादी राजवट आल्यावर मुलांना एकेक करून बाहेर काढण्यामागेही तीच. त्साय चिन हाँगकाँगमार्गे लंडनला गेली. धाकटा भाऊ मायकेल 1952 मध्ये गेला आणि पुढे 1968 साली त्याने नाइट्सब्रिजमध्ये 'मिस्टर चौ' हे रेस्तराँ काढलं. आईवडील मागेच राहिले.

राडातून बाहेर पडलेल्या चिनी मुलीला 1950 च्या दशकातल्या लंडनमध्ये काम कसलं मिळणार? 1958 च्या 'द इन ऑफ द सिक्स्थ हॅपिनेस'मध्ये ती इन्ग्रिड बर्गमनसोबत आहे. कथा चीनची, चित्रीकरण वेल्सच्या डोंगरात, गर्दीतली मुलं लिव्हरपूलच्या चिनी वस्तीतून आणलेली, आणि महत्त्वाच्या चिनी पुरुषांच्या भूमिकांत रॉबर्ट डोनट आणि कुर्ट युर्गेन्स. खरी चिनी माणसं मागे नि रंगवलेली पुढे, ही त्या काळची रीतच होती.

मग 1959 च्या नोव्हेंबरात प्रिन्स ऑफ वेल्स थिएटरमध्ये 'द वर्ल्ड ऑफ सुझी वाँग' आलं. हाँगकाँगमधली वेश्या आणि तिच्या प्रेमात पडलेला परदेशी चित्रकार. समीक्षकांनी नाकं मुरडली, तिकीटबारीवर रांगा लागल्या आणि प्रयोग सुमारे दोन वर्षं चालले. वेस्ट एंडचा शिरस्ता आठवड्याला आठ प्रयोगांचा. म्हणजे आठवड्यातून आठ वेळा, मांडीपर्यंत चिरलेल्या चिनी झग्यात, व्याकरण मोडून प्रेम करायचं. सुझीची इंग्रजी पूर्ण मोडकी आहे आणि नाटकातला गोडवा त्या मोडण्यातूनच काढलेला आहे. याच सुमारास 'द डिंग डाँग साँग' आलं. चाल याओ मिन या संगीतकाराची, मूळ गाणं चिनी, इंग्रजी शब्द लायनेल बार्टचे. गाणं हलकंफुलकं आहे, पण उच्चार नीट ऐका. इंग्रजी कडव्यांत ती नखरा करते, चिनी शब्दांवर येते तेव्हा आवाज सरळ बसतो. नखरा बाजारासाठी होता हे त्या दोन ओळींमधल्या फरकातून कळतं.

सुझीने तिला नाव आणि पैसा दिला. चाकोरीही तिनेच आखून दिली. 1965 ते 1969 दरम्यान फू मांचूचे पाच चित्रपट आले. जगाचा नाश करायला निघालेला चिनी खलनायक क्रिस्टोफर ली, डोळ्यांना रंगभूषा करून चिनी केलेला, आणि त्याची क्रूर मुलगी लिन तांग म्हणजे त्साय चिन. पाचही पाहू नका, पहिला पुरे. पुढे पुढे पैसा आणि कल्पना दोन्ही आटत गेल्याचं पडद्यावर दिसतं. इथे तिची इंग्रजी सरळ आहे, कारण खलनायिकेला गोड दिसायची गरज नसते. मधल्या काळात इटालियन दिग्दर्शक अँटोनिओनीच्या 'ब्लो-अप'मध्ये छायाचित्रकाराच्या स्टुडिओतली स्वागतिका, 'द व्हर्जिन सोल्जर्स'मध्ये पुन्हा वेश्या.

त्याच वर्षांत शांघायमध्ये काय चाललं होतं ते शेजारी ठेवून पाहावं लागतं. चौ शिनफांग यांनी 1959 मध्ये हाय रुई या मिंगकालीन अधिकाऱ्याची भूमिका केली होती. हाय रुई म्हणजे सम्राटाला तोंडावर चुका सांगणारा माणूस. 1965 च्या नोव्हेंबरात शांघायच्या एका दैनिकात, हाय रुईवरच्याच पण दुसऱ्या लेखकाच्या नाटकावर जहाल लेख आला आणि माओच्या सांस्कृतिक क्रांतीची ठिणगी तिथे पडली. हाय रुईला हात लावलेला प्रत्येक जण गुन्हेगार ठरला. चौ शिनफांग यांची धिंड काढली, कैदेत ठेवलं. लिलियनला रेड गार्डांनी, म्हणजे माओच्या तरुण पाठीराख्यांच्या टोळ्यांनी, मारहाण केली, 1968 मध्ये ती गेली. मुलीचा फू मांचूचा चौथा चित्रपट त्याच वर्षीचा. वडील 1975 मध्ये गेले. 1978 मध्ये सरकारने त्यांच्यावरचे आरोप मागे घेतले, तेव्हा ते ऐकायला दोघांपैकी कोणी नव्हतं. बापलेकीची भेट काही पुन्हा झाली नाही.

1972 मध्ये ग्रॅनाडा टेलिव्हिजनने रेड गार्डांनी केलेल्या एका जाहीर उलटतपासणीचं नाट्यरूपांतर केलं. बळी होती चीनचे राष्ट्राध्यक्ष लिऊ शाओची यांची पत्नी वांग ग्वांगमेई, आणि ती भूमिका त्साय चिनने केली. ज्या प्रकारच्या सभांनी तिच्या घरावर नांगर फिरवला, तसल्याच सभेत, मध्यभागी उभी राहून. लंडनमधल्या तिच्या पहिल्या वीस वर्षांत हे काम मला सगळ्यांत वजनदार वाटतं, आणि कोणाला ते आठवत नाही.

पुढचा खड्डा आर्थिक होता. तिने पैसे घरांमध्ये गुंतवले होते, आणि 1973 नंतर ब्रिटनमधली मालमत्तेची बाजारपेठ कोसळली. कर्ज काढून घेतलेल्या घराची किंमत कर्जाच्या खाली गेली की घर विकूनही सुटका नसते. सगळं गेलं. ती कोलमडली, जीव द्यायचा प्रयत्नही झाला, हे तिने 1988 च्या 'डॉटर ऑफ शांघाय' या आत्मचरित्रात लपवलेलं नाही. चाळिशी उलटलेली, सुझीचं वय गेलेलं, आईच्या भूमिका अजून कोणी लिहिलेल्या नाहीत. या मधल्या पट्ट्यात भल्याभल्या नट्या हरवतात.

ती अमेरिकेला गेली. बोस्टनजवळच्या केंब्रिजमध्ये एका छोट्या प्रायोगिक नाटकमंडळीत तिने 'द स्कार्लेट लेटर'मधली हेस्टर प्रिन केली. सतराव्या शतकातली प्युरिटन गोरी बाई, चिनी नटीकडून. चिनी असणं जिथे भूमिकेचा विषयच नाही अशी ही दुर्मीळ संधी तिला पैसे नसलेल्या रंगभूमीने दिली. मग टफ्ट्स विद्यापीठातून नाट्यशास्त्रात पदव्युत्तर पदवी.

ती पदवी लगेच कामाला आली. सांस्कृतिक क्रांतीनंतर बीजिंगची मध्यवर्ती नाट्य अकादमी पुन्हा उभी राहत होती. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला त्साय चिन तिथे शिकवायला गेली आणि विद्यार्थ्यांकडून शेक्सपियरचं 'द टेम्पेस्ट' चिनीत बसवून घेतलं. हद्दपार झालेला बाप, वादळ, मुलगी, आणि छळणारे हाती लागल्यावर त्यांचं काय करायचं हा प्रश्न. नाटकाची निवड बोलकी आहे. तिथल्या शिक्षणाचा पाया 1950 च्या दशकात आलेल्या रशियन तज्ज्ञांनी घातलेला, स्तानिस्लाव्हस्की या रशियन नाट्यगुरूच्या अभिनयपद्धतीचा. आणि चिनी गद्य रंगभूमीची एक जुनी सवय होती: परदेशी पात्र करायचं म्हणजे खोटं लांब नाक आणि सोनेरी केसांचा टोप. लंडनमध्ये गोऱ्यांचे डोळे रंगवायचे, बीजिंगमध्ये चिन्यांना नाकं लावायची. दोन्ही बाजू जवळून पाहिलेली नटी म्हणून तिच्याइतकं हक्काचं नाव दुसरं नसावं.

लंडनला ती 1989 मध्ये 'एम. बटरफ्लाय' या नाटकासाठी परतली, अँथनी हॉपकिन्ससोबत. पण साठीची झाल्यावर जे घडलं ते खरं. 1993, 'द जॉय लक क्लब', दिग्दर्शक वेन वांग. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चार चिनी आया आणि त्यांच्या अमेरिकेत वाढलेल्या चार मुली. त्साय चिन झाली लिंडो, बुद्धिबळात नाव काढलेल्या वेव्हर्लीची आई. चौघींपैकी आणखी एक आई आहे फ्रान्स न्युएन, जिने 1958 मध्ये न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर सुझी वाँग केली होती. लंडनची सुझी आणि न्यूयॉर्कची सुझी, पस्तीस वर्षांनी एकाच चित्रपटात आया. पात्रयोजना करणाऱ्यांनी हे ठरवून केलं असो वा नसो, पडद्यावर ते फिटल्यासारखं वाटतं.

जेवणाचा प्रसंग दोनदा पाहा. वेव्हर्ली गोऱ्या नवऱ्यामुलाला, रिचला, घरी आणते. तो आधी वाइनचा पेला भरून घेतो, बाकीच्यांच्या पेल्यात तळाला बोटभर. मग लिंडो तिचा हातखंडा पदार्थ टेबलावर ठेवते आणि म्हणते की यात मीठ कमी पडलंय, चवच नाही. 'बिघडलंच बहुतेक आज' म्हणत पुरणपोळी वाढणाऱ्या बाईला पुढे काय म्हणायचं असतं हे आपल्याकडे सहा वर्षांच्या पोरालाही कळतं. टेबलावरच्या सगळ्यांना कळतं. रिच सोया सॉसची बाटली उचलतो, पदार्थावर ओततो आणि धीर देतो की फार काही बिघडलेलं नाही.

या क्षणी त्साय चिन जवळजवळ काही करत नाही. भुवई नाही, उसासा नाही. नजर बाटलीवरून भांड्यावर जाते आणि तिथेच थांबते. हसू चेहऱ्यावर तसंच राहतं पण त्याच्यामागचं माणूस निघून गेलेलं असतं. लिंडोची इंग्रजीही मोडकीच आहे, सुझीइतकीच. फरक असा की सुझीचं मोडकं बोलणं ऐकणाऱ्या पुरुषासाठी होतं. लिंडोचं तिच्या स्वतःच्या डोक्यातून येतं. चिनीत पूर्ण विचार करून, घाईत, हाताशी असतील त्या इंग्रजी शब्दांत ती बोलते, आणि तरी खोलीत सगळ्यांत हुशार तीच असते. सलूनमध्ये आरशासमोर बसलेल्या मायलेकींचा प्रसंगही असाच. मुलगी रडत सांगते की तुला काहीच कधी पुरत नाही, आणि आईचा चेहरा आरशात हळूहळू सैल होतो.

चित्रपट चालला, पण स्टुडिओंनी त्यातून काही धडा घेतला नाही. आजच्या काळातल्या आशियाई-अमेरिकी माणसांवर, त्यांनाच मध्यभागी ठेवून, हॉलीवूडच्या मोठ्या स्टुडिओचा पुढचा चित्रपट 'क्रेझी रिच एशियन्स' यायला 2018 उजाडलं. पंचवीस वर्षं. त्साय चिनला मात्र काम मिळत राहिलं. 'गोल्डन चाइल्ड' या नाटकातल्या पहिल्या बायकोच्या भूमिकेला न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरचा ओबी पुरस्कार, 'रेड कॉर्नर'मध्ये रिचर्ड गिअरसमोर न्यायाधीश, 'ग्रेज ॲनाटमी' या मालिकेत क्रिस्टीनाची आई. 2006 च्या 'कसिनो रोयाल'मध्ये ती बाँडच्या पत्त्यांच्या टेबलावर मादाम वू म्हणून बसलेली आहे. संवाद जवळपास नाहीत. एकोणचाळीस वर्षांपूर्वी पलंगावर होती, आता एक कोटी डॉलर भरून बाँडसमोर पत्ते धरून बसली आहे. 2010 च्या चिनी 'ड्रीम ऑफ द रेड चेंबर' मालिकेत घराण्याची सर्वसत्ताधीश आजी. मालिकेच्या केशभूषेची चीनमध्ये यथेच्छ टिंगल झाली, आणि ती रास्तही होती, पण इथे इंग्रजी गायबच आहे.

2019 च्या 'लकी ग्रँडमा'पर्यंत ती पंचाऐंशीच्या घरात होती. दिग्दर्शिका सॅसी सीली, आणि त्साय चिन चक्क नायिका. न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमधली विधवा आजी. ज्योतिषी बाई चांगला दिवस सांगते, आजी बँकेतले सगळे पैसे काढून जुगाराच्या बसमध्ये चढते, जिंकते, मग सगळं हरते. परतीच्या बसमध्ये शेजारचा माणूस बसल्या जागी मरतो आणि त्याची नोटांनी भरलेली पिशवी आजी घेऊन उतरते. मग टोळीवाले मागे, आणि आजी दुसऱ्या टोळीतला एक ताडमाड अंगरक्षक भाड्याने घेते, त्यातही घासाघीस करून.

तोंडात सिगरेट, कपाळाला कायमची आठी. चालते कशी ते बघा. पाठ किंचित पुढे, पावलं आखूड, पिशवीचं वजन एका खांद्यावर, घाई आहे पण गुडघे ऐकत नाहीत, आणि तरी एकही पाऊल ढिलं नाही. तिने वडिलांकडे ऑपेराचं शिक्षण घेतलं नव्हतं, त्यामुळे वारसा वगैरे म्हणायला जीभ रेटत नाही. पण तटावरून धावणाऱ्या त्या म्हाताऱ्याचं चित्रण आंतरजालावर आहे, ते आणि हे लागोपाठ लावून बघाच. मुलगा तिला आपल्या घरी राहायला यायची गळ घालतो, ती दाद देत नाही. चित्रपटाचा बराचसा भाग चिनी भाषेतच आहे. इंग्रजी तेवढी खाली, सबटायटलच्या पट्टीत, आणि तिथे सगळे 'आर' जागच्या जागी आहेत.